पौर्णिमेच्या रात्री उघडी गच्ची गार का पडते?

प्रश्न : कोजागरीला आम्ही सगळे गच्चीवर होतो. आमच्या अर्ध्या गच्चीवर पत्रा आहे, अर्धी उघडी आहे. मध्यरात्र उलटल्यावर लक्षात आलं, की चांदण्यातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या गार आणि ओलसर झाल्यात, आणि पत्र्याखालच्या तशाच खुर्च्या मात्र कोरड्या आहेत. मुलाने त्याच्या कामाचा इन्फ्रारेड तापमापक आणून मोजलं, तर तीन अंशांचा फरक निघाला. आई म्हणाली, चांदणं शीतलच असतं, त्यात मोजायचं काय? मुलाचं म्हणणं, प्रकाश कुठलाही असो, त्याने वस्तू तापायलाच हवी. मग चांदण्यातली खुर्ची सावलीतल्या खुर्चीपेक्षा गार कशी? आणि आटवलेलं दूध चांदण्यात ठेवल्याने त्यात काही फरक पडतो का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या घरातल्या तिघांचंही बरोबर आहे. मोजलेला फरक खरा आहे, आईंचा अनुभव खरा आहे आणि प्रकाशाने वस्तू तापायला हवी हा मुलाचा मुद्दाही खरा आहे. अडचण फक्त एका गृहीतकात आहे. दोन खुर्च्यांमध्ये फरक तो चांदण्याचाच, असं आपण न बोलता धरून चालतो. पत्र्याखालच्या खुर्चीला चंद्र दिसत नाही हे खरं, पण तिला आकाशही दिसत नाही. उघड्यावरच्या खुर्चीसमोर चंद्राबरोबर सबंध आकाश पसरलेलं असतं. खुर्ची गार पडते ती या आकाशामुळे. चंद्र त्याच वेळी तिला किंचित, अगदी किंचित, तापवत असतो.

हे कसं होतं ते समजून घ्यायचं तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी लागते : जगातली प्रत्येक वस्तू सतत उष्णता बाहेर टाकत असते. ती तापलेली असो वा गार, रात्र असो वा दिवस. आपल्या नेहमीच्या तापमानाला ही उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात जाते, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. २० अंश सेल्सिअसला असलेली साधी, चकाकी नसलेली वस्तू आपल्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे सुमारे ४२० वॉट एवढी उष्णता बाहेर टाकते. एवढी उष्णता सतत जात असूनही वस्तू गोठून जात नाही, कारण आजूबाजूच्या भिंती, जमीन, झाडं आणि वरचं छप्पर तिच्याकडे जवळपास तेवढीच उष्णता परत पाठवत असतात. तुमचा पत्रा हेच करतो. तो स्वतः गार वाटला तरी खुर्चीच्या तापमानापासून फार लांब नसतो, म्हणून त्याच्याखाली देणंघेणं जवळजवळ फिटतं.

निरभ्र आकाशाचा हिशेब मात्र जुळत नाही. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड काही उष्णता खाली परत पाठवतात, पण ८ ते १३ मायक्रोमीटर लांबीच्या अवरक्त लहरींसाठी कोरडी हवा बरीचशी पारदर्शक असते. या मोकळ्या वाटेने वस्तूची उष्णता थेट अवकाशात निघून जाते. शांत, स्वच्छ रात्री उघड्यावरची वस्तू अशा रीतीने दर चौरस मीटरमागे ६० ते १०० वॉट गमावते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही कित्येक अंशांनी गार होते. मग तिला टेकलेल्या हवेतली वाफ तिच्यावर दव होऊन बसते. तुमच्या खुर्च्या ओल्या झाल्या त्या अशा. ढग आले की ते गोधडीचं काम करतात, उष्णता परत खाली येते आणि दव पडत नाही. वारा सुटला तरी दव पडत नाही, कारण वारा वस्तूला पुन्हा पुन्हा हवेच्या तापमानाला आणून सोडतो.

चंद्राचा यात हात नाही हे पाहायला कोजागरीची वाट बघायला नको. रात्रभर उघड्यावर लावलेल्या स्कूटरची सीट हिवाळ्यात सकाळी ओलीचिंब असते, झाडाखाली लावलेली कोरडी असते. मोटारीचा टप आणि समोरची तिरपी काच ओली असते, दारांच्या उभ्या काचा बऱ्याचदा कोरड्या राहतात, कारण त्यांच्यासमोर निम्मं आकाश आणि निम्मं अंगण असतं. अमावास्येच्या पहाटे पाहिलं तरी हेच दिसेल.

तुमच्या जिल्ह्यातच याचा सगळ्यात देखणा पुरावा दर हिवाळ्यात बातम्यांत येतो. महाबळेश्वरला वेण्णा लेक आणि लिंगमळा भागात दवबिंदू गोठतात. जीपगाड्यांचे टप, बोटींच्या धक्क्याच्या फळ्या, गवत आणि स्ट्रॉबेरीची पानं पांढरी होतात, आणि त्याच दिवशी हवामान खात्याची नोंद पाहावी तर पारा शून्याच्या बराच वर असतो. दरवर्षी यावरून वाद होतो, की खरं तापमान कुणाचं. दोन्ही खरी आहेत. वेधशाळेचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर असतो, आणि त्याचं काम हवेचं तापमान मोजण्याचं आहे. आकाश त्याला दिसूच नये अशीच ती पेटी बांधलेली असते. गवताचं पान आणि जीपचा टप रात्रभर आकाशाकडे तोंड करून असतात. शिवाय गार झालेली जड हवा उतारावरून घरंगळत तळ्याच्या सखल भागात साचते. वेधशाळेची पेटी आणि गवताचं पान यांच्यात काही अंशांचं अंतर पडतं ते असं. शेतीसाठी हे अंतर जिवाचं असतं. म्हणून गवताच्या उंचीवरचं किमान तापमान वेगळं मोजण्याची पद्धत हवामानशास्त्रात आहे. निफाडकडचे द्राक्ष बागायतदार कडाक्याच्या थंडीत पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, विहिरीचं कोमट पाणी सोडतात. त्यांची झुंज याच निघून जाणाऱ्या उष्णतेशी असते.

ही गोष्ट नीट उलगडली ती विल्यम चार्ल्स वेल्स या डॉक्टरने. तो लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात काम करायचा आणि रात्री शहराबाहेर एका बागेत जाऊन लोकरीचे पुंजके, तापमापक आणि लाकडी फळ्या घेऊन बसायचा. त्याचा दवावरचा निबंध १८१४ साली प्रसिद्ध झाला आणि त्यासाठी त्याला रॉयल सोसायटीचं रम्फर्ड पदक मिळालं. त्याचा एक प्रयोग मला फार आवडतो, कारण तो आपल्यापैकी कुणालाही करता येईल. त्याने चार काड्या जमिनीत रोवल्या आणि गवतापासून वीतभर उंचीवर त्यांना एक पातळ हातरुमाल ताणून बांधला. चारी बाजू मोकळ्या, हवा खेळती. तरी निरभ्र रात्री रुमालाखालचं गवत शेजारच्या उघड्या गवतापेक्षा कित्येक अंशांनी उबदार राहिलं. कापडाला काही ऊब नव्हती, ते फक्त गवत आणि आकाश यांच्या मध्ये आलं होतं. नाजूक रोपांवर रात्री चटया टाकणारे माळी काय साधतात ते त्याला इथे कळलं. वेल्सच्या आधी दव आकाशातून पडतं की जमिनीतून वर येतं यावरच वाद चालत. वस्तू आधी गार होते आणि दव नंतर धरतं, हा क्रम त्याने सिद्ध केला.

या निबंधात वेल्सने आपल्या देशातला एक धंदाही विचारात घेतला आहे. उत्तर भारतात गंगेच्या मैदानात, जिथे पाणी आपणहून सहसा गोठत नाही, तिथे हिवाळ्यात बर्फ तयार केला जायचा. रॉबर्ट बार्कर यांनी अलाहाबादकडच्या या पद्धतीचं वर्णन १७७५ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात दिलं. उघड्या मैदानात सुमारे ३० फूट लांबरुंद आणि २ फूट खोल खड्डे खणायचे, त्यांच्या तळाशी उसाची चिपाडं किंवा मक्याची वाळलेली ताटं पसरायची आणि त्यावर उथळ, झिलई नसलेली मातीची ताटल्यांसारखी भांडी ओळीने मांडून त्यांत उकळून गार केलेलं पाणी ओतायचं. संध्याकाळी मांडलेल्या भांड्यांत पहाटे बर्फाचा थर धरलेला असे, आणि सूर्य उगवायच्या आत तो गोळा करून तळघरात रिचवला जाई. चिपाडांमुळे जमिनीची ऊब वर येत नसे आणि खड्ड्यामुळे वारा लागत नसे. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री बर्फ धरत नसे. पाणी पाझरून बाष्पीभवन होतं म्हणून गोठतं, असं तेव्हाचे पंडित मानत. वेल्सने दाखवून दिलं की मुख्य काम आकाशाकडे जाणाऱ्या उष्णतेचं आहे. मला या कारागिरांबद्दल मनापासून आदर वाटतो. शास्त्राने कारण सांगायच्या कितीतरी आधी त्यांनी आकाशाच्या गारव्यावर धंदा उभा केला होता.

आता चंद्राकडे वळू. चांदण्यात उष्णता आहे का, हा प्रश्न चारशे वर्षं तरी जुना आहे. फ्रान्सिस बेकनने १६२० साली लिहिलं की चंद्राचे किरण स्पर्शाला उष्ण लागत नाहीत, उलट कडक थंडी पौर्णिमेलाच पडते, असं लोक पाहतात. म्हणजे तुमच्या आईंचं निरीक्षण इंग्लंडातही चालत आलेलं होतं. पण तिथेच न थांबता बेकनने सुचवलं की जबर भिंगाने चांदणं एकवटून पाहावं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये ला हीर याने मोठ्या अंतर्वक्र आरशाने ते करून पाहिलं. त्याचा तापमापक हलला नाही.

उष्णता होती, ती पकडणारं साधन नव्हतं. १८४६ मध्ये इटलीत मेलोनी याने व्हेसुव्हियस पर्वतावर एक मीटर व्यासाचं भिंग लावून चांदणं एका विद्युत तापमापकावर एकवटलं, तेव्हा काटा पहिल्यांदा निःसंशय हलला, आणि हलला तो उष्णतेच्या बाजूने. पुढे १८६८ पासून काही वर्षं आयर्लंडमधल्या बर येथे चौथे लॉर्ड रॉस यांनी तीन फूट व्यासाच्या आरशाच्या दुर्बिणीने हे काम नेटाने केलं. त्यांनी वाटेत काच धरून पाहिलं. काच दिसणारा प्रकाश जाऊ देते आणि मंद तापलेल्या वस्तूची अवरक्त उष्णता अडवते. काच मध्ये येताच चंद्राकडून येणारी बहुतेक उष्णता नाहीशी झाली. अर्थ असा, की चंद्र आपल्याला जी ऊब पाठवतो तिचा मोठा वाटा परावर्तित सूर्यप्रकाशाचा नसून चंद्राच्या स्वतःच्या तापलेल्या जमिनीचा आहे.

आणि ती जमीन खरंच तापलेली असते. चंद्राचा पृष्ठभाग काळपट आहे, तो पडलेल्या प्रकाशातला जेमतेम आठवा भाग परतवतो, बाकीचा गिळतो. पौर्णिमेला आपल्याला दिसणाऱ्या तबकडीच्या मध्यावर ऐन दुपार असते आणि तिथलं तापमान १२० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं, पाणी उकळण्याच्या वर. आपण ज्याला शीतल म्हणतो त्या तबकडीतून, आकाशाच्या तेवढ्याच दुसऱ्या कुठल्याही तुकड्यापेक्षा जास्त उष्णता आपल्याकडे येत असते. १९२७ च्या चंद्रग्रहणात पेटिट आणि निकल्सन या खगोलशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेतून मोजलं, तर सावली पडताच चंद्राच्या जमिनीचं तापमान शंभर अंशांहून जास्त घसरलं.

एवढी तापलेली वस्तू डोक्यावर असून खुर्ची तापत का नाही? कारण तिचा आकार. आपल्याला मोठा भासणारा चंद्र क्षितिजाच्या वरच्या सबंध आकाशाचा लाखातला एकच भाग व्यापतो. पूर्ण चंद्र सूर्यापेक्षा सुमारे चार लाख पटींनी मंद आहे. त्याचा दिसणारा प्रकाश आणि अवरक्त उष्णता मिळून दर चौरस मीटरवर एक-दोन शतांश वॉट येतात. त्याच जागेवरून आकाशाकडे जातात ६० ते १०० वॉट. एका शतांश वॉटने उघड्यावरच्या खुर्चीचं तापमान किती वाढेल याचा हिशेब केला, तर उत्तर एका अंशाचा साधारण हजारावा भाग येतं. तुमचा मुलगा तत्त्वतः बरोबर आहे, पण ही वाढ त्याच्या हातातल्या यंत्राला दिसण्यासारखी नाही. त्याला जो तीन अंशांचा फरक दिसला तो उलट्या दिशेचा आहे आणि हजारो पटींनी मोठा आहे.

मग पौर्णिमेलाच थंडी जास्त, हा अनुभव कुठून आला? चांदणं आपण पाहतो ते आकाश स्वच्छ असतानाच. ढगाळ पौर्णिमेची रात्र उबदार असते, पण तिला आपण चांदणी रात्र म्हणून लक्षात ठेवत नाही. स्वच्छ अमावास्येची रात्रही तेवढीच गार असते, पण त्या अंधारात गच्चीवर जाऊन कुणी बसत नाही. हिवाळ्यात आणखी एक योग जुळतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो, त्यामुळे सूर्य दक्षिणेला खाली गेलेला असतो तेव्हा चंद्र आपल्याकडे जवळजवळ डोक्यावरून जातो. वर्षातलं सगळ्यात लख्ख आणि दीर्घ चांदणं पौषाच्या सुमाराला, म्हणजे ऐन थंडीत पडतं.

कोजागरीचं गणित तर मला या सगळ्यांत जास्त सुंदर वाटतं. आश्विन पौर्णिमा बहुधा ऑक्टोबरात येते, आणि महाराष्ट्रातून मोसमी पाऊस साधारण त्याच महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात परततो. चार महिने आकाश झाकलेलं होतं, रात्री दमट आणि जवळपास दिवसाइतक्याच उबदार होत्या. ढग हटतात तसं दिवसा ऊन रखरखतं, ज्याला आपण ऑक्टोबर हीट म्हणतो, आणि रात्री त्याच उघड्या आकाशातून उष्णता निघून जायला लागते. जमिनीत आणि हवेत ओल भरपूर असते, म्हणून दवही धरतं. आकाश उघडल्याची ही पहिली मोठी पौर्णिमा. त्या रात्रीचा गारवा पंचांगाशी जोडला गेला तो निरीक्षणावरूनच, त्यात काही चूक झालेली नाही. कारण तेवढं चंद्राऐवजी ढगांच्या जाण्यात आहे.

दुधाचं उत्तर थोडक्यात. उकळतं दूध उघड्यावर निवतं ते मुख्यतः वाफ निघून गेल्यामुळे आणि हवा लागल्यामुळे, आकाशाकडे जाणारी उष्णता त्यात थोडी भर घालते. चांदण्याने दुधाचं तापमान किंवा गुण बदलत नाहीत. केशर, वेलदोडा आणि जायफळाचा वास रात्रीच्या हवेत जास्त भरून येतो, तेवढ्यासाठी गच्चीवर बसून प्यायलेलंच उत्तम. फक्त कोमट दूध तासन् तास तसंच ठेवू नये, ते नासायला ऑक्टोबरची रात्र पुरेशी उबदार असते.

सबंध पृथ्वीचा विचार केला तर पौर्णिमेची ऊब उपग्रहांना अंधुकशी जाणवल्याचं मात्र नोंदलं गेलं आहे. अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्य विद्यापीठातल्या बॉलिंग आणि सर्व्हेनी यांनी उपग्रहांनी घेतलेली खालच्या वातावरणाची तापमानं चंद्राच्या कलांशी ताडून पाहिली आणि १९९५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात लिहिलं, की पौर्णिमेच्या सुमाराला सरासरी तापमान सुमारे ०.०२ अंशाने जास्त असतं. फरक इतका बारीक, की तो दिसायला वर्षानुवर्षांच्या रोजच्या नोंदी लागल्या. पण त्याची दिशा पाहा. इथेही चंद्राच्या खात्यावर ऊब आहे, गारवा नाही.

तुमच्या मुलाकडे यंत्र आहेच, तर एक नीट प्रयोग करायला हरकत नाही. चांदणं वस्तूला गार करतं असं दाखवणारे प्रयोग बहुतेक एकाच ठिकाणी फसतात : चंद्र झाकताना ते आकाशही झाकतात. म्हणून सारख्या आकाराच्या, चकाकी नसलेल्या काळ्या रंगाने रंगवलेल्या तीन फरश्या घ्याव्यात आणि थर्मोकोलच्या तुकड्यांवर ठेवाव्यात, म्हणजे गच्चीची ऊब त्यांना लागणार नाही. चकचकीत स्टील घेऊ नये. ते उष्णता फार कमी बाहेर टाकतं, शिवाय इन्फ्रारेड तापमापक त्यावर आकाशाचं प्रतिबिंब मोजून चुकीचा आकडा देतो. एक फरशी उघड्यावर ठेवावी, दुसरी पत्र्याखाली. तिसरी उघड्यावरच, पण फरशीपेक्षा जराशी मोठी पुठ्ठ्याची चकती दोनेक मीटर लांब काठीला बांधून अशी धरावी, की फक्त चंद्र झाकला जाईल आणि बाकीचं आकाश मोकळं राहील. चंद्र तासाला १५ अंश सरकतो, तेव्हा चकती दर दहा मिनिटांनी हलवावी लागेल. रात्र बिनवाऱ्याची हवी. पहिली आणि तिसरी फरशी सारखंच तापमान दाखवतील, वेगळी पडेल ती पत्र्याखालची. तेच पुढच्या अमावास्येला पहिल्या दोन फरश्यांवर पुन्हा मोजावं, आकाश स्वच्छ असेल तर तसाच फरक मिळेल. आणि एकदा तो तापमापक कोरड्या हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री सरळ वर, चंद्र टाळून, आकाशाकडे रोखून पाहावा. तो शून्याच्या खालचा आकडा दाखवेल. ढगाचा तुकडा समोर येताच आकडा झरझर वर चढेल.